सुझानच्या कपाळावरचं कुंकू

प्लासिडने वारलेल्या बायकोचा धर्म बदलला, ही बातमी रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर फुटली आणि मासळीबाजारापर्यंत पोचेस्तोवर तिला होम, भटजी आणि नवं नावसुद्धा मिळालं. खरं एवढंच होतं, की त्या बायकोच्या, सुझानच्या, चित्रातल्या कपाळाला फुलपाड्यात कोणीतरी कुंकू लावलं होतं.

सुझान चित्रं काढायची. लाल लुगड्यातल्या बाया, केळीच्या बागा, लग्नघरची धांदल. नायगावच्या टॉवरवाल्यांना आपण इथले जुने ख्रिस्ती कोण ते ठाऊक नाही, आपल्याला अर्नाळ्याचे कोळी ठाऊक नाहीत. मग चित्रंच दारोदार न्यायची, हा तिचा हट्ट. सुट्टीच्या दिवशी प्लासिडच्या भाजीच्या टेम्पोत चित्रं चढायची. तो कुरकुरायचा आणि न्यायचा. आळी म्हणायची, निघाला राणीसाहेबांचा रथ. अर्नाळ्याला एक कोळीण होडीच्या चित्रापुढे थबकून म्हणाली, "पानी खरं काढलंस गो," तर सुझान घरी येईपर्यंत नुसती हसत होती.

गेल्या वर्षी ती गेली. मातीला सगळी आळी लोटली. पुढे सुझानबद्दल सगळे बोलत राहिले, प्लासिडशी कोणी बोलेना. काय बोलायचं सुचत नाही, म्हणून माणसं त्याच्या फाटकाशी आली की चाल वाढवायची. पत्त्यांच्या डावात त्याच्या जागी दुसरा बसला. नाताळचं बोलावणं परस्पर त्याच्या मुलीला, सँड्राला गेलं, ती दुबईला. तो आपला एकटाच टेम्पो काढत राहिला. सुझानने स्वतःचं काढलेलं एकच चित्र होतं, तेही आता मधोमध लावायचा.

फुलपाड्याच्या सोसायटीत वसुंधराताई नावाच्या बाईंनी ते पाहिलं. या कोण, विचारलं. प्लासिडने सांगितलं. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आपल्या पहिल्या मजल्यावरच्या घरी जाऊन कुंकवाचा करंडा आणला आणि म्हणाल्या, "अहेव गेल्या हो. नवरा मागे आहे, मग कपाळ रिकामं कसं ठेवायचं?" प्लासिड थांबवायला पुढे झाला होता. हात तसाच खाली आला.

आता सुझानच्या वर्षाच्या मिस्साच्या, चर्चमधल्या प्रार्थनेच्या, आदल्या दिवशी मेव्हणी ॲंजेला ओलं फडकं घेऊन दारात उभी. मागे निम्मी आळी, सांत्वनाला म्हणून. तिचं म्हणणं सरळ होतं: डाग पुसा, चित्र घरात टांगा, हा फिरता तमाशा बंद करा, नाहीतर उद्या माझ्या माहेरचं कोणी तुमच्या उंबऱ्यावर येणार नाही. आणि तिने फडकं पुढे केलं. "पुसा, भाऊजी. ताईचं कपाळ आहे ते."

फडकं प्लासिडने घेतलं, त्याची नीट घडी केली आणि तिच्या हातात परत ठेवलं.

"कुंकू ताईचं नाही, ॲंजेला, माझं आहे. नवरा जिवंत आहे म्हणून लावलंय त्या बाईने. तुमच्यापैकी कोणी वर्षभरात मला जिवंत धरलंय?"