कोणाच्या हाती न लागणारा पोरगा

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर म्हणून लागलो, तेव्हा पोरं माझ्या छडीपेक्षा बोलण्यालाच जास्त भीत. पण शाळा सुटली की मी पायजमा वर खोचून त्यांच्यात हुतुतू खेळायचो. पाढे येवोत न येवोत, पोराला पकड आलीच पाहिजे, असा माझा हट्ट. मनगट कसं धरायचं, घोटा कसा आवळायचा, धरलेल्याने अंगाला पीळ देऊन कसं निसटायचं, हे मी एकेकाला स्वतः धरून शिकवलं.

हट्टामागे कारण होतं. यवतमाळच्या एका बोर्डिंगचे चालक दरवर्षी तालुक्याच्या सामन्यांना यायचे आणि चांगल्या खेळणाऱ्या एका गरीब पोराला मॅट्रिकपर्यंत ठेवून घ्यायचे. राहणं, जेवण, शाळा, सगळं फुकट. त्या जागेसाठी माझ्या मनात एकच पोरगा होता.

तो सातवीत होता. आमची शाळा सातवीलाच संपायची. त्याचे आईबाप नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले होते. आल्यावर त्यांनी गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, आणि गाव त्यांच्यावर डूख धरून बसलं. कोणी मजुरीला बोलवेना, म्हणून बाप सडकेवर गिट्टी फोडायला जायचा. "पोरगं शिकलं पाह्यजे गुरुजी, मंग मी जलमभर गिट्टी फोडीन," असं तो मला म्हणाला होता. जागा मिळाली नाही तर पोरालाही हातोडा घ्यावा लागणार, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

आणि पोरगा काय खेळायचा! दम धरून रेघ ओलांडली की समोरची पोरं दोन्हीकडे फाकायची, कोपऱ्यात अडकलेल्या एखाद्याला शिवून हा आरामात परत. दोन वर्षांत एकदाही धरला गेला नाही. हा कोणाच्या हाती लागत नाही, असं मी गावभर कौतुकाने सांगत सुटलो. काय म्हणावं या अकलेला.

सामन्याच्या दिवशी आम्ही बैलगाडीने राळेगावला निघालो. तो गाडीत बसला नाही, पाय मोकळे करतो म्हणाला आणि सगळी वाट गाडीमागे चालत आला. मी बाकीच्यांना म्हणालो, "बघा रे लेकहो, याला म्हणतात खेळाडू." पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

समोरचा संघ लांबच्या गावचा होता. हा कोण, कोणाचा, त्यांना काही माहीत नव्हतं. पहिल्याच चढाईत एका बुटक्या पोराने त्याचं मनगट धरलं. नुसतं मनगट. मधली रेघ दोन हातांवर होती. याने ओढलं नाही, हिसकलं नाही. उभा राहून त्या हाताकडे बघत राहिला आणि त्याचा दम तुटला. दुसऱ्या चढाईलाही तेच झालं, तिसऱ्यालाही तेच.

चालक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पोरगा चपळ आहे गुरुजी, पण धरला की पार मेंढरू होतो. सुटणं शिकवलं नाही का याला?" त्यांनी दुसऱ्या गावचा पोरगा निवडला.

परतताना मी गाडीतून उतरलो आणि त्याच्यासोबत चालू लागलो. माझं डोकं तापलेलं होतं. म्हटलं, "दोन हातांवर रेघ होती. हिसका द्यायला काय झालं होतं तुले? हात मोडला होता काय?"

तो स्वतःच्या मनगटाकडे बघत चालत होता. मग म्हणाला, "हिसका कसा द्याचा, मले मायीत नाई गुरुजी. आपल्या गावात मले कोणी धरतच नाई."

आणि थोडं पुढे गेल्यावर, कुरकुर न करता, म्हणाला, "तुमीबी नाई धरलं."

मी आठवू लागलो. बाकी प्रत्येक पोराच्या मनगटाची जाडी माझ्या हाताला ठाऊक होती. याला मात्र मी दोन वर्षं रेघेवर उभा राहून तोंडाने शिकवत होतो. माझ्या मनात तसं काही नव्हतं, असं मी म्हणणार नाही. ज्या घरात मी खोली घेऊन राहायचो, तिथे त्याला शिवून आल्यावर अंघोळ करावी लागली असती, आणि मी ती टाळत आलो होतो. पोरं मागे का सरतात, हेही मला दिसत होतं. मी त्याला चपळाई म्हणत होतो, कारण तेच सोयीचं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते.

आठ दिवसांनी मी यवतमाळला जाऊन चालकांपुढे हात जोडले. जागा भरली होती. ते सांगायला मी पोराच्या घरी गेलो. बापाने पोतं अंथरलं, पाणी दिलं, ते मी प्यालो. "तुमच्याएवढं आमच्यासाठी कोणी केलं नाई," तो म्हणाला. त्यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पोराला अंगणात बोलावलं आणि त्याचं मनगट धरलं. तो दचकला. "अंगठ्याच्या बाजूने पीळ दे," मी म्हणालो. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तो असा सुटला की मी मागे पडता पडता वाचलो.

"अजून एकदा धरा ना गुरुजी," तो हसून म्हणाला.

मी धरत राहिलो, तो सुटत राहिला. सगळं शिकायला त्याला पाच मिनिटंही लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो बापासोबत गिट्टी फोडायला गेला.