लेकीचं लग्न आणि लेबनानचा उन्हाळा

मी लेबनान बघितलंय. आमच्या राजापूरकडच्या गावात दुसऱ्या कोणी बघितलेलं नाय. भावाची सून पोरांना सांगते, आजी विमानातनं थंड हवेला जायची. जायची खरी. कशी जायची ते कोणी इचारत नाय.

नवरा वारला तेव्हा लेक कडेवर होती. तिला भावाकडं ठेवली नि मुंबईला कामाला गेले. तिथं एका अरब व्यापाऱ्याचं घर मिळालं, त्यांनी मला बहरीनला नेली, पोरं सांभाळायला. घर तिथल्या मुहर्रक गावात. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. नि घरात राज्य मालकाच्या आईचं. तिला सगळे मोठी अम्मा म्हणायचे. मोत्यांच्या धंद्यापायी ती तरुणपणी मुंबईत राहिलेली, म्हणून हिंदी बोलायची.

बहरीनचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्यालाच कळंल. शेजारच्या अराद गावाच्या बाजूनं दर्याचा वारा यायचा तो पण ओला नि गरम, पेजेच्या टोपावर वाकल्यासारखा. भुई पोळपाटासारखी सपाट, सावलीला काय नाय. जून लागला की पैशेवाली घरं कुलूप लावून लेबनानला जायची. पोरं जायची म्हणून मी जायची.

त्या वर्षी भावानं कळवलं, पोरीचं लग्न ठरलं. ज्येष्ठातला मुहूर्त, सकाळी अकराचा. पुढं आषाढ, चातुर्मास, मग तुळशीचं लग्न होईस्तोवर मुहूर्त नाय, नि मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. अम्माच्या पायाला तेल लावताना मी विषय काढला.

"अम्मा, बेटी की शादी है. छुट्टी मंगता."

"मुबारक. पहाड़ से आके जा."

"तब तक हो जाएगी."

"तो बोल, बाद में करो. शादी भागती है क्या?"

"मुहूर्त है, अम्मा."

"इंशाल्ला," ती बोलली नि दुसरा पाय पुढं केला.

त्या घरात इंशाल्लाचा अर्थ मांजराला पण ठाऊक होता. चार दिसांनी मी पोरांच्या लोकरीच्या बंड्या पेटीत भरत होते.

आता लेबनानचं सांगते, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. देश आमच्या जिल्ह्याएवढा असंल नसंल, पण एका डोंगरावरनं दुसऱ्यावर गेलं की माणूस बदलतो. खाली दर्याकाठी शहर. तिथं बायका गुडघ्याच्या वर कपडे घालून सिगारेट ओढायच्या. दर्यात मोठे खडक, त्यातल्या एकाला भोक, त्यातनं होड्या जायच्या. मालकाला तेच शहर आवडायचं. अम्माला वरचा डोंगर. मोटारीनं तासभर चढलं की दगडी घरं, वर लाल कौलं. पहिल्यांदा ती कौलं बघितली नि माझे पाय तिथंच थांबले. आमच्याकडचीच वाटली. खाली बघितलं तर उतारावर दगडाचे बांध घालून सफरचंदाची झाडं. ढग सरळ सैपाकघरात यायचा. अजून वर देवदार, नि घळीत जूनमध्ये पण मळका बर्फ. डोंगर ओलांडला की पल्याड मोठं मैदान, गहू नि द्राक्षं, नि जुन्या देवळाचे खांब, दहा माणसांच्या कवेत न मावणारे. दक्षिणेला लाल माती. तिथं बायका भुईवर बसून तंबाखूची पानं सुईनं दोऱ्यात ओवायच्या, बोटं काळी झालेली. शहरातली माणसं त्यांना हसायची. मला त्या देशात त्याच ओळखीच्या वाटल्या.

हे सगळं मी बघितलं ते कडेवर पोर घेऊन. एक मूल खांबावर चढायचं, दुसऱ्याला शू लागायची. चांगलं होतं का? चांगलं होतं. खोटं कशाला बोलू.

लग्नाच्या दिवशी आम्ही डोंगरातल्या घरी होतो. घरमालकीण खालच्या खोलीत राहायची, नखशिखांत काळ्या कपड्यात. तिचा पण नवरा वारलेला. आम्ही दोघी तिच्या सैपाकघरात मुरंब्यासाठी चेरीच्या बिया काढत होतो. सकाळपासून माझं ध्यान तिच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं. पदराच्या टोकाला चिमूटभर तांदूळ बांधून ठेवले होते. अकरा वाजले तशी मी उठले, पूर्वेकडं तोंड केलं नि तांदूळ खिडकीतनं टाकले.

मोठी अम्मा पाणी मागायला आली होती. "क्या फेंक रही है?"

"अक्षता, अम्मा. अभी बेटी की शादी लगी. ग्यारह बजे."

अम्मानं घड्याळाकडं बघितलं. "अरे पगली, यहाँ ग्यारह है. तेरे मुलुक में तो दो बज गया. लोग खाना खाके सो गए होंगे." नि हसली. वाईट मनानं नाय, तशीच हसली.

बहरीनच्या नि आपल्या वेळेत फरक हाय ते मला ठाऊक होतं. लेबनानला पण असंल हे डोक्यातच आलं नाय. मांडवात अक्षता पडल्या तेव्हा मी पोरांची अंडी सोलत असणार.

अम्मा गेल्यावर घरमालकिणीनं खुणेनं इचारलं, काय झालं. माझं अरबी मोडकं. बोलले, "बिंती. अल्योम. अरूस." माझी मुलगी आज नवरी. तिनं हात धुतले, फडताळातनं साखरेत घोळवलेले बदाम काढले, तिकडं लग्नात वाटतात ते, नि माझ्या ओंजळीत घातले. मग डोकं वर करून, जीभ हलवून, मंगलकार्यात त्यांच्यात काढतात तसा लांब आवाज काढला. त्या काळ्या कपड्यात, दोघीच आम्ही. तिला कोणी अडवलं नाय.

सुट्टी मिळाली ती गणपती झाल्यावर. घरात पाऊल टाकलं तर भावाची बायको बोलली, "जिवाला लावून घेऊ नका, वन्सं. तसं पण पांढऱ्या कपाळाच्या बाईचं मांडवात काय काम? मागंच बसवलं असतं." भाऊ आढ्याकडं बघत बसला. कन्यादान त्या दोघांनीच केलेलं.

लेकीच्या सासरी गेले. विहीणबाई ओटीवर बसलेल्या. "या. थंड हवेवरनं आलात? आमच्या सुनेची आई म्हंजे मोठं प्रकरण बाबा, लेकीच्या लग्नाला सवड नाय." शेजारणी हसल्या. मी पण हसले, काय करणार.

लेकीनं पाव्हण्यांच्या कपबशीत चहा दिला. दाराला टेकून उभी राहिली.

"काय काय बघितलंस तिकडं?"

"दर्या. बर्फ. मोठे खांब."

"चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

"मग बरं झालं," ती बोलली नि कपबशी विसळायला घेऊन गेली. मी अजून अर्धाच चहा प्याले होते.

पुढच्या वर्षी जूनच्या तोंडाला अम्मानं स्वतःहून बोलावलं. "इस साल तू मुलुक जा. बेटी के पास. पासपोर्ट निकालने को बोला है मैंने."

मी बोलले, "मफी जरूरत, अम्मा," म्हंजे गरज नाय. "पहाड़ चलती मैं."

अम्मानं पाय पुढं केला. मी तेलाची वाटी ओढून घेतली. दोनेक वर्षांनी त्या देशात लढाई लागली नि जाणं खलास झालं. तवर मी दर उन्हाळ्याला गेले. मला सुट्टीचं परत कधी कोणी इचारलं नाय, नि मी पण कधी मागितली नाय.