पाहिलंत का साहेब

जिल्ह्याच्या आरोग्य प्रमुखांचं खरं नाव त्यांच्या सेवापुस्तकालाच काय ते ठाऊक होतं. बाकी अख्खं खातं त्यांना 'पाहिलंत का साहेब' म्हणायचं. कुणी काहीही सांगायला आलं, की साहेब चष्मा कपाळावर ढकलून एवढंच विचारायचे, "पाहिलंत का?" लस आली. पाहिलंत का? विहिरीत औषध टाकलं. पाहिलंत का? एकदा एका कारकुनाने वडील गेल्याचं सांगून रजा मागितली, तेव्हाही तोंडातून तेच निघून गेलं. नंतर साहेब स्वतः त्याच्या घरी जाऊन दोन तास मुकाट्याने बसले, पण नाव पडायचं ते पडलं.

ही खोड काही उगाच लागली नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी गोवराचा अहवाल दर आठवड्याला 'निरंक' येत होता, म्हणजे रुग्ण एकही नाही. तरुण डॉक्टर खूश होऊन सह्या ठोकत होते. सातव्या आठवड्यात सायकल पंक्चर झाली म्हणून ते एका वस्तीत थांबले, तर पंक्चरवाल्याच्याच घरात तीन पोरं अंगभर पुरळ घेऊन पडलेली. वस्तीत एकूण एकतीस निघाली. त्यातली दोन गेली. अहवाल लिहिणारा कर्मचारी त्या वस्तीत कधी फिरकलाच नव्हता. रुग्ण नव्हते असं नाही, बघणारा नव्हता. ती दोन पोरं साहेबांच्या डोक्यातून पुढे कधी गेली नाहीत.

तेव्हापासून पाहिल्याशिवाय सही नाही. बढत्या मिळत गेल्या, खुर्च्या गुबगुबीत होत गेल्या, तरी साहेब लसीच्या फ्रीजमध्ये डोकं घालायचे, हॉटेलांच्या पिंपांची झाकणं उचलायचे आणि गुडघा कुरकुरत असतानाही पाण्याच्या टाक्यांवर चढायचे. न पाहता सही केलेला माणूस सापडला, की त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडायची. खुलासा तीन दिवसांत. खुलासा वाचून साहेब शेवटी नेहमीचे दोन शब्द लिहायचे: 'खुलासा असमाधानकारक.' एवढं सगळं केल्यावर दहा वर्षांत जिल्ह्यात पाण्यामुळे एकही साथ आली नाही. निवृत्तीला बारा दिवस उरले होते आणि त्याबद्दलचं गौरवपत्र फ्रेम होऊन कपाटात येऊन पडलं होतं.

अशा वेळी एका सकाळी साहेब गाडीत बसत असताना ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, एक बोलू का? बाईंचे डोळे पिवळे दिसतात."

"कधीपासून?"

"चार दिवस तरी झाले असतील. मी म्हटलं, तुम्ही पाहिलं असेल."

साहेब गाडीतून उतरले आणि परत वर गेले. बायकोला खिडकीशी उभं करून खालची पापणी ओढली. डोळा लिंबासारखा पिवळा. तिने आठवडाभर जेवण टाकलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं; उन्हाळा म्हणून सोडून दिलं होतं.

दुपारपर्यंत इमारतीतल्या चाळीस घरांत अकरा जण काविळीचे निघाले. नळाचं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाण्यात पुरेसं क्लोरीन असेल तर ते पिवळं व्हायला हवं. पाणी काही पिवळं झालं नाही. माणसं तेवढी झाली होती.

साहेबांनी जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायला लावलं. तळाशी वीतभर गाळ होता आणि भिंतीला पडलेल्या भेगेतून शेजारच्या गटाराचं पाणी निवांत आत येत होतं. टाकी साफ केली असती तर भेग त्याच दिवशी दिसली असती. कागदावर टाकी दोन महिन्यांपूर्वीच साफ झाली होती.

सफाईवाल्याला बोलावून विचारलं, तर त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"गच्चीवरची टाकी केली साहेब, अगदी घासून. खालच्या टाकीच्या झाकणावर गाडी उभी होती."

"मग गाडी हलवायला सांगायचं ना!"

"रविवार होता. ड्रायव्हर सुट्टीवर, चावी त्याच्याकडे. आणि सरकारी गाडी, साहेब. तिला हल म्हणणारा मी कोण?"

ड्रायव्हर आभाळाकडे बघू लागला.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी इमारतीचे सेक्रेटरी कागद घेऊन जिन्यात आडवे आले होते, तेही साहेबांना आता लख्ख आठवलं. 'दोन्ही टाक्या साफ केल्या.' खाली आरोग्य प्रमुखांची सही असली की लोकांना धीर येतो, असं सेक्रेटरी म्हणाले होते. साहेब घाईत होते. शेजारच्या तालुक्यात एकाला निलंबित करायला निघाले होते, कारण त्याने न पाहता सही केली होती. कागद त्यांनी सेक्रेटरींच्याच पाठीवर ठेवला, सही केली आणि झाकणावरच्या गाडीत बसून निघून गेले.

"मुख्य जलवाहिनीला गळती, असं लिहून टाकू या," हाताखालचे डॉक्टर हळूच म्हणाले. "बारा दिवस राहिलेत साहेब. जलवाहिनी काही निवृत्त होत नाही."

सुचवण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. जलवाहिनी खरंच चार ठिकाणी गळत होती. साहेबांनी कोरा अहवाल बॅगेत टाकला आणि संध्याकाळी घरी आले. मोह झाला होता, चांगलाच झाला होता.

प्रत्येक रुग्णाला विचारायच्या प्रश्नांचा एक तक्ता असतो. दहा घरांचा भरून झाला होता, आपल्या घराचा राहिला होता. साहेब पलंगाशी स्टूल ओढून बसले.

"पाणी उकळून पिता का?"

"हे मला विचारताय?" ती पडल्या पडल्या म्हणाली. "लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं उकळतेय. तुमच्या धाकाने."

"म्हणजे हो."

"दोन महिने नाही."

"का?"

"लिफ्टजवळ कागद लावला होता, टाकी साफ केल्याचा. खाली तुमची सही होती. म्हटलं, ह्यांनी पाहिलंय म्हणजे आता कशाला उकळायचं?"

साहेबांनी उत्तर होतं तसं लिहिलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. त्यांना रडू आलं होतं आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते तक्त्यात दिलेलं नव्हतं.

अहवाल दुसऱ्या दिवशी गेला. त्यात गाडी होती, सेक्रेटरींची पाठ होती आणि सही कोणाची तेही होतं. सोबत साहेबांनी स्वतःच्या नावे कारणे दाखवा नोटीस काढली. ती जावकमध्ये लिहावी की आवकमध्ये, यावर कारकून अर्धा तास अडून बसला, शेवटी त्याने दोन्हीकडे लिहिली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी खुलासा दिला: 'दौऱ्याच्या घाईत सही केली.' असे खुलासे त्यांनी आयुष्यात ढिगाने वाचले होते. हाही वाचला आणि खाली नेहमीचे दोन शब्द लिहिले.

वरिष्ठांनी गौरवपत्र परत मागवलं. फ्रेम खात्याची नव्हती, ती राहिली.

बायको बरी व्हायला दीड महिना लागला. बाकीचे दहाही उठून हिंडूफिरू लागले. भेग बुजवली, टाकी पुन्हा साफ झाली आणि या वेळी निवृत्त साहेब पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः आत उतरले. चारही भिंतींवरून हात फिरवला, मग वर येऊन कागदावर सही केली. लिफ्टजवळ कागद लावून घरात आले, तर गॅसवर पाण्याचं पातेलं चढलेलं.

"अगं, आता नको उकळूस. मी आत उतरून पाहिलंय."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

साहेबांनी झाकण उचललं. पाण्याला अजून आधण आलं नव्हतं. ते येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.