जारकर्म

गारखेड्यात आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, म्हणून प्यायला पाण्याचे जार घ्यावे लागत. मी इंग्रजी शाळेतली. मराठी बोलायचे, पण वाचताना अडखळायचे. नववीत असताना चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायची पाळी माझ्यावर आली आणि त्यात एक अनोळखी शब्द निघाला: जारकर्म.

असलं काही विचारायचं तर घरात एक आत्याच होती. ती पैठणहून कायमची माहेरी आलेली. उपासनेला यायची, पण प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला बाकावरून उठायची नाही. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आत्या, जारकर्म म्हणजे जार भरायचं काम का गं? त्यात पाप काय?"

निवडायची मेथी तशीच टाकून ती हसत सुटली. "अगं माझे मडमे! तसं असतं तर आपल्या गल्लीतलं कुणी स्वर्गात गेलं नसतं!" हसता हसता तिचे डोळे भरले. "परक्याशी शरीराचा संबंध, त्याला म्हणत्यात. सासूनं हाच शब्द मला चिकटवला. शाळेतल्या मास्तरांशेजारी एसटीत बसून आले, एवढ्यावर. हे डोक्यावर घेऊन प्रभूच्या मेजाशी कशी जाऊ?"

दोन दिवसांनी आमच्या चर्चचे पाळकसाहेब चहाला आले. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी पाठाचं निमित्त करून तो शब्द विचारला. माझे कान तापले होते.

"मूळ ग्रीक शब्द पोर्निया," ते म्हणाले. "शरीर विकण्यावरून आलेला. पुढं लग्नाबाहेरच्या संबंधांना सरसकट लावला. बायबलातल्या करिंथ शहरच्या मंडळीत एकानं बापाची बायको ठेवली होती, तिथंही हाच शब्द. त्याची हद्द कुठवर, यावर पंडित अजून भांडतात."

"आणि... बसमध्ये कुणाशेजारी बसणं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. आवाज चढवून म्हणाले, "छे! एसटीतली सीट त्यात अजून कुठल्याच पंडितानं घातली नाही, बाळ!"

आत भांडं घासायचा आवाज थांबला.

रविवारी मी पाठ न अडखळता वाचला. मंडळी भाकरीसाठी उठू लागली, तेव्हा मी मुद्दाम आत्याकडे पाहिलं नाही. जरा वेळानं मम्मीनं गुडघे बाजूला घेतले आणि तिला वाट दिली.