मी त्यांचे आभार मानणार नाही

कोन गावात कार्यक्रम कुठलाही असो, त्यातला शेवटचा माणूस ठरलेला असे. सत्यनारायण असो, साखरपुडा असो, कुणाच्या नव्या गोडाऊनचं उद्घाटन असो की क्रिकेटची फायनल, सगळ्यांची भाषणं आटोपली की सूत्रसंचालक म्हणे, "आणि आता आभारप्रदर्शनासाठी मी केसरीनाथदादांना विनंती करतो." हे वाक्य पुरं व्हायच्या आत अर्धा मांडव उठलेला असे. आभारप्रदर्शन म्हणजे पानं मांडली, एवढाच त्याचा अर्थ लोकांना ठाऊक होता. केसरीनाथला त्याचं काही वाटत नसे. तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघून सगळ्यांचे आभार मानी, आणि मग खुर्च्या वेळेवर आणल्या म्हणून मांडववाल्याचेही मानी.

बरं, हा माणूस माइकपुरता आभारी असता तर गोष्ट वेगळी. पण तो घरीही तसाच. सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे उभा राहिला की तिथेही कार्यक्रमाची शिस्त. "सर्वप्रथम मी आई एकवीरेचे आभार मानतो." तिच्यामागून कुळाचे देव, वरती गेलेले आईवडील, बोअरिंगचं पाणी, गोठ्यातली म्हैस, आणि गॅसचा सिलिंडर वेळेवर आणणारा माणूस. ते दिवस भारनियमनाचे होते. रात्री थोडा वेळ का होईना पंखा फिरू दिला म्हणून तो वीजवाल्यांचेही आभार मानी, आणि ते अगदी मनापासून. शेजारी त्याच वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला असे.

वडिलांच्या शेतात आता एक लांबरुंद गोडाऊन उभं होतं आणि केसरीनाथ तिथे सुपरवायझर होता. जिथे भात लावला तिथेच खुर्ची टाकून बसायला मिळतं, पावसात भिजावं लागत नाही, याचं त्याला रोज नव्याने नवल वाटे. गेटवर ट्रक आला की तो ड्रायव्हरला हात जोडून म्हणे, "भैया, आपने माल टाइम पे लाया, आपके बहुत उपकार हैं हमपे." नवा ड्रायव्हर गडबडून जाई. आधी त्याला वाटे, चहापाण्याचं काहीतरी मागतोय. मग तो ट्रकभोवती एक चक्कर मारून कुठे काही फुटलं-सांडलं तर नाही ना, ते बघून येई. शेवटी एखादा जुना ड्रायव्हर त्याला समजावी, "कुछ नहीं रे, ये ऐसाच है. दुआ देता है."

या सगळ्या आभारांतून फक्त एक वर्ग वगळलेला होता, तो म्हणजे घरची माणसं. बायको कमळ, मुलगा दीपेश, मुलगी दीपाली, भाऊबंद, सोयरे. केसरीनाथचं ठाम मत असं, की आपल्या माणसाचे आभार मानले की तो परका होतो. माइकवर आपलं माणूस आलं की त्याचं एक खास वाक्य ठरलेलं होतं. "यांचे मी आभार मानणार नाही," असं म्हणून तो थांबायचा. चांगला लांबलचक थांबायचा. मांडवात कुणी उरलं असेल तर त्याने मान वळवून बघावं, इतका. आणि मग, "कारण ते आपलेच आहेत. मी त्यांच्या ऋणात राहणंच पसंत करीन!" हे वाक्य अख्ख्या महाराष्ट्रात लोक म्हणतात, पण असं थांबणं फक्त आपल्यालाच जमतं, याचा त्याला फार अभिमान होता. त्या थांबण्यानेच घात केला.

कमळचा भाऊ काळूराम पडघ्याला राहायचा. हायवेला लागून त्याचा विटा-रेतीचा धंदा होता, आणि मनाने तसा दिलदार माणूस. फक्त त्याचं नाव घेतलं गेलं पाहिजे. त्या वर्षी कोनच्या क्रिकेट स्पर्धेला त्याने वडिलांच्या स्मरणार्थ पहिल्या बक्षिसाची ट्रॉफी दिली. ट्रॉफी अशी, की जिंकलेल्या संघाचा कप्तान तिच्यामागे उभा राहिला तर फोटोत दिसेना. काळूराम पांढरेशुभ्र कपडे घालून, पडघ्याचे चार दोस्त जीपमध्ये भरून आला आणि व्यासपीठावर मधोमध बसला.

सामना संपला. भर दुपार होती, लाईट कधीचीच गेलेली, सगळा खेळ जनरेटरवर चाललेला. केसरीनाथने माइक हातात घेतला. भोंगेवाल्याचे आभार मानले, सरबतवाल्याचे मानले, मैदानावर पाणी मारणाऱ्या टँकरचे मानले. मग आवाज चढवून म्हणाला, "आणि पडघ्याचे आमचे मेवणे, काळूरामशेठ, यांचे मी आभार मानणार नाही!"

आणि थांबला.

तेवढ्यात जनरेटरचं डिझेल संपलं.

केसरीनाथने पुढचं वाक्य पुरं केलं, अगदी हातवारे करून केलं. पण भोंगे मेले होते आणि मैदानात ढोल सुरू झाला होता. ते वाक्य ऐकलं एकट्या अंपायरने. बाकी सगळ्या कोनने आणि पडघ्याच्या चार दोस्तांनी एवढंच ऐकलं, की सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने भर मैदानात काळूरामचे आभार मानायला नकार दिला. काळूराम उठला, व्यासपीठावरून उतरला आणि जीप धुरळा उडवत निघून गेली.

एरवी हे रुसणं जत्रेपर्यंत टिकलं असतं आणि मटणाच्या ताटावर मिटलं असतं. पण पुढच्याच महिन्यात दीपालीचं लग्न होतं. मुलीला मांडवात आणायचं काम मामाचं, आणि दीपालीला मामा एकच.

"मामा न्हाय आयला तर माजे पोरीला मांडवात कोन आनल? तुमचा अंपायर?" कमळ म्हणाली. केसरीनाथने पडघ्याला फोन लावले. काळूराम आवाज ऐकून फोन ठेवून देई. शेवटी एका रविवारी केसरीनाथ भिवंडीला जाऊन पडघ्याच्या एसटीत बसला. सीट मिळाली म्हणून त्याने सवयीने कंडक्टरचे आभार मानले, पण त्यात जीव नव्हता.

पडघ्याला पडवीत सासू राहीबाई तांदूळ निवडत होती आणि काळूराम खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. जावयाला बघून त्याने मान वळवली नाही. भिंतीलाच सांगावं तसा म्हणाला, "आये, पावन्यांना इचार, पानी पिनार का त्याला पन नकार देनार?"

"आरं, जनरेटर बंद परला रं!" केसरीनाथ काकुळतीला आला.

"माइक बंद परला. तोंड चालू व्हता ना? वरडायचा."

"वरडलू! अंपायरला इचार."

"मी काय आता गावोगाव अंपायर सोबत घेऊन फिरू?" काळूराम शेवटी वळला. "बरा, पुरा वाक्य काय व्हता ता सांग."

केसरीनाथने उभं राहून पुरं वाक्य म्हटलं. थांबायच्या जागी थांबला सुद्धा. काळूरामने डोळे मिटून विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे पुऱ्या वाक्यात पन आभार न्हायच."

"आपल्या मानसाचे आभार मानले का तो परका व्हतो, कालू."

"मंग मना परका कर! भोंगेवाल्याला केलास, सरबतवाल्याला केलास. मना बसव त्यांच्या लायनीत. सगल्या कोनाने आयकला का तू मानत न्हायस. आता सगल्या कोनाने आयकला पायजे का मानलेस. त्याबिगर मी मांडवात पुढं येनार न्हाय."

आता यात अडचण अशी, की आभार येतात शेवटी आणि मामा लागतो सुरुवातीला. काळूराम आभारांआधी पुढे येणार नाही, आणि लग्न लागायच्या आधी आभार मानलेले आजवर कुणी ऐकले नव्हते. त्याहून मोठी अडचण केसरीनाथच्या स्वतःच्या आत होती. म्हशीचे आभार मानताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती, पण मेव्हण्याला "आभारी आहे" म्हणायचं म्हणजे नातं तोडल्यासारखं त्याला वाटत होतं. एवढी वर्षं जपलेलं तत्त्व होतं ते. तो परत आला तो तोंड पाडूनच.

हळदीला काळूराम आला नाही. बायकांची गाणी चालली होती, नाच चालला होता, आणि कमळ मुलीला हळद लावता लावता रस्त्याकडे बघत होती. केसरीनाथने ते पाहिलं. त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे तो नुसताच हात जोडून उभा राहिला. एकवीरा आईला त्या दिवशी प्रथमच शांतता मिळाली असेल.

लग्न दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर. मांडव माणसांनी फुलला, नवरदेव पाटावर उभा राहिला, अंतरपाट धरला गेला आणि भटजींनी माइकवर पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे."

कुणी हललं नाही. भटजींनी पुन्हा पुकारलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. केसरीनाथचा चुलतभाऊ दौलत पुढे होऊन म्हणाला, "मी आनतू पोरीला, त्यात काय?" पण आतून दीपालीचा रडका आवाज आला, "मी मामासंगतच येनार!" भटजी घड्याळाकडे बघत होते. अक्षतांचं ताट घेऊन उभी असलेली कमळ नवऱ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर केसरीनाथने सोसला असता. राग नव्हता, नुसतं पाणी होतं.

तो तरातरा गेला आणि भटजींच्या हातून माइक काढून घेतला. "सर्वप्रथम..." तो म्हणाला.

झालं! केसरीनाथ, माइक आणि "सर्वप्रथम" एवढं एकत्र आल्यावर कोनच्या माणसाचे पाय कुणाचं ऐकतात? अख्खा मांडव उठला. "लागला का लग्न? आपल्याला अक्षता कशा न्हाय भेटल्या?" असं विचारत लोक जेवणाच्या बाजूला चालू लागले. त्यांचं बघून वऱ्हाडीही उठले. आचाऱ्याने टोपांवरची झाकणं काढली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांचीही चुळबुळ सुरू झाली. नवरदेव बिचारा हार हातात धरून पाटावर तसाच उभा.

खुर्च्या भराभरा रिकाम्या झाल्या, आणि अगदी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, एकच माणूस बसलेला उरला. डोक्याला मामाचा फेटा, मांडीवर भाचीच्या साडीचा खोका. काळूराम दुपारपासून येऊन बसला होता. शब्द देऊन बसल्यामुळे पुढे येता येत नव्हतं, आणि पडघ्याला घरीही बसवत नव्हतं. गर्दीत तो लपून गेला होता. आता लपायला कुणीच उरलं नव्हतं.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. केसरीनाथने माइक तोंडाजवळ धरला.

"पडघ्याचे आमचे मेवणे काळूरामशेठ," तो म्हणाला, "यांचे मी आभार..."

आणि सवयीने थांबला.

जेवणाकडे निघालेले लोक जागच्या जागी थबकले. कमळने कपाळाला हात लावला. दौलत धावत जनरेटरजवळ जाऊन उभा राहिला.

"...मानतो," केसरीनाथ म्हणाला. "मनापासून आभार मानतो."

काळूरामचा चेहरा खुलायला हवा होता. पण तो उतरला. हवं होतं ते मिळालं, सगळ्या कोनसमोर मिळालं, आणि ते हातात आल्यावर त्याला कसंतरीच झालं. तो खुर्च्या सारत पुढे आला, केसरीनाथचा हात धरला आणि हळूच म्हणाला. पण माइक मध्ये असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"भावजी, परत घे ता. सरबतवाला झाल्यासारखा वाटला मना. चुकला माजा."

केसरीनाथला इतकं बरं वाटलं, की त्याचे डोळे भरून आले. आपलं तत्त्व खरं ठरलं, मेव्हणा परत मिळाला, मुलीला मामा मिळाला. "घेतला परत!" तो गदगदून म्हणाला. "आपल्या मानसाला आभार पचतच न्हाय रं!"

"त्याला नको आसल तर मना द्या," कमळ म्हणाली.

ती तिथेच शेजारी उभी होती, आणि माइक अजून चालूच होता. मांडवात कुणीतरी हसलं, आणि मग कुणीच हसेना. केसरीनाथ तिच्याकडे वळला. "पन तू तं..." तो म्हणाला, "तू तं घरची."

"मना पचल," कमळ म्हणाली. "येकदा देऊन तं बगा."

काळूराम तोवर फेटा सावरत भाचीला आणायला आत गेला होता. भटजी मुहूर्त टळतोय असं खुणावत होते. एवढ्या सभा गाजवलेल्या केसरीनाथला पहिला शब्द सापडेना. "सर्वप्रथम" म्हणावं, तर तिचा नंबर इतक्या वर्षांत एकदाही लागला नव्हता, हे त्याला आत्ता कळलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. आजवर चारचौघांत तो तिला "दीपेशची आय" म्हणत आला होता.

"कमळ," तो म्हणाला, आणि आवाज फुटला. "तू हायस म्हनून सगला हाय."

कमळने मान खाली घातली. हुंदका दाबत ती ताटातले तांदूळ उगाच सारखे करत राहिली, आणि मग म्हणाली, "आता माइक भटजींना द्या. पोरगी आयली."