दुपट्ट्याखालचा हात

अमरावतीच्या आमच्या या केंद्रात विसरण्याचा आजार जडलेल्या म्हाताऱ्यांना सकाळी सोडायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं. मी माझ्या नवऱ्याला सोडते. बालवाडीच्या दारात पोरं रडतात. इथं ते काम माझ्याकडे आहे. हे तर मागे वळूनही पाहत नाहीत.

कारण आत दोस्त वाट पाहत असतो. हे जन्मभर शेंदूरजनाघाटला संत्र्याचे व्यापारी, दोस्त मूर्तिजापूरकडचा बैलांचा दलाल. आज वार कोणता, हे दोघांनाही सांगता येत नाही. पण मांडीवर दुपट्टा पसरतात, त्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. चारचौघांना भाव कळू नये म्हणून जुन्या बाजारात असाच सौदा व्हायचा. रुसतात, हसतात, पुन्हा हात घालतात.

घरी मात्र तोंडाला कुलूप. मला ‘बाई’ म्हणतात, तेही परक्या बाईला म्हणावं तसं. पूर्वी दिवसभर ‘काहून वो’, ‘कुठं गेली वो’ करून डोकं खायचे. आता त्या हाकेसाठी जीव तुटतो. घरात आम्ही दोघं, आणि आवाज फक्त पंख्याचा.

मला त्या दलालाचा हेवा वाटायला लागला. एक दिवस त्याच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, “भाऊ, मलेही शिकवा.”

“बायाचं काम नाई हे.”

दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा नकार विसरला होता, म्हणून पुन्हा विचारलं. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एकदा त्यानं हात पुढे केला आणि कोणतं बोट कधी दाबायचं, अडायचं कसं, होकार कसा द्यायचा, सगळं दाखवलं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी ह्यांच्या शेजारी बसले, दुपट्टा पसरला आणि हात आत घातला. त्यांनी तो लगेच धरला. किती दिवसांनी धरला! त्यांनी बोटं दाबली, मी दाबली. त्यांनी मान हलवली, मीही अडून बसले. एवढं तर आम्ही नव्या संसारातही बोललो नसू. शेवटी मी होकार दिला तेव्हा त्यांचा चेहरा फुलला.

“चांगला सौदा झाला, बाई,” म्हणत ते उठले आणि चपला घालू लागले.

“कुठं चालले?”

“घरी. घरवाली वाट पाहून राहिली असन.”

“हो, पाहून राहिली,” मी म्हटलं, आणि दुपट्टा पुन्हा मांडीवर पसरला.