उमाताईंनी भरलेला अर्ज

कर्जतच्या उमाताई गुप्त्यांसारखं मोठं मन गावात दुसरं नाही, असं सगळेच म्हणत, आणि उमाताईंचाही त्याला विरोध नव्हता. तीस वर्षं शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. कशेळ्यापलीकडच्या कातकरीवाडीतली नंदा रानभाज्या विकायला यायची, तेव्हा तिला त्या खुर्चीवर बसवत, घरातल्याच कपात चहा देत. रेशनकार्डापासून लेकीच्या दाखल्यापर्यंत नंदाचा प्रत्येक कागद त्यांनीच भरला होता. महिला मंडळात त्या तळमळीने म्हणायच्या, "या बायकांना पुढे आणायला हवं." मात्र पुढे म्हणजे कुठवर, त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

दर जूनमध्ये कर्जतला रानभाज्यांची स्पर्धा भरे. पहिल्या पावसात रानात उगवणारी शेवळं नीट शिजली नाहीत तर घसा खाजून जीव नकोसा होतो. ती काकडाच्या आंबट फळांबरोबर कशी शिजवायची, हे नंदानेच एकदा ओट्याशी उभं राहून दाखवलं होतं. त्याच भाजीवर उमाताई सलग सहा वर्षं पहिल्या आल्या. कुणी विचारलंच तर सांगत, सासूबाईंची पद्धत. पहिल्या नंबराला आठवडी बाजारात वर्षभर बसायला जागा मिळे. उमाताईंना तिचा काय उपयोग? ती सहाही वर्षं रिकामी राहिली.

यंदा नंदा म्हणाली, "बाई, मी पन नाव देते. शेवळंच करीन. बाजारातली जागा गावली तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायाला नको. पोरीची शाळा सुटते ना. कागद भरून द्या."

या भट्टीच्या गोष्टी ऐकून एरवी उमाताईंचे डोळे भरून येत. आज सरळ पोटात दुखलं. नंदाच्या हाताला आपल्यापेक्षा चव आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "भरते हो," म्हणत त्यांनी पेन उचललं आणि पदार्थाच्या रकान्यात लिहिलं, टाकळ्याची भाजी. टाकळा रस्त्याकडेलाही माजतो, त्याला कोण नंबर देणार! नंदाने खुशीत अंगठा उठवला.

स्पर्धेच्या दिवशी हॉलच्या दारातल्या टेबलामागच्या गृहस्थांनी तिला अडवलं. "इथे टाकळा लिहिलाय. अर्जातलाच पदार्थ करायचा."

उमाताई आपल्या शेगडीची ज्योत कमीजास्त करत राहिल्या.

"बाईंनी लिवलंय म्हंजे मीच तसं बोलली असन," नंदा म्हणाली. शेवळांची टोपली बाजूला ठेवून ती हॉलच्या मागे गेली, टाकळा खुडून आणला, निवडला, शिजवला. परीक्षकांनी तो दोनदा मागून खाल्ला. तेवढ्यानेही उमाताईंचा जळफळाट झाला. पण टाकळा तो टाकळाच. सातव्यांदा नाव पुकारलं गेलं ते उमाताईंचंच.

संध्याकाळी नंदा दाराशी आली. टोपलीतली शेवळं आणि काकडं तिने ओट्यावर ओतली. "घरी एवढी कोन खानार? तुमीच करा." उमाताईंनी तिला खुर्ची दिली, नेहमीच्या कपात चहा दिला.

"पुढल्या साली नीट सांगन मी," चहा पिऊन उठताना नंदा म्हणाली. "कागद मात्र तुमीच भरा, बाई. दुसऱ्या कोनाचा भरवसा नाय."

"भरीन हो," उमाताई म्हणाल्या. आणि नंदा पायरी उतरायच्या आतच, पुढल्या वर्षी त्या रकान्यात काय लिहायचं, याचा विचार त्यांच्या मनात सुरूही झाला.